पहाटे पाचला सडक्या अंड्यांचा वास आणि मोबाइलवर हिरवा ठिपका: पिट्सबर्गला घर घ्यावं का?

कोकणी_कैरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही दोन वर्षांपासून पिट्सबर्गला आहोत. मी मूळची चिपळूणची. मुलगा पुढच्या वर्षी शाळेत जाईल म्हणून घर बघतोय. शहराच्या दक्षिणेला, मोनोंगाहेला नदीच्या बाजूला (इथे सगळे 'मोन' म्हणतात) एक घर मनात भरलंय. मागे उतार, उतारावर मेपलची झाडं, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, आणि किंमत उत्तरेकडच्या तसल्याच घरापेक्षा बरीच कमी. नवरा म्हणतो, घेऊन टाकू.

माझं घोडं अडलंय वासापाशी. आमचं भाड्याचं घर त्याच बाजूला आहे. परवा नरकचतुर्दशीला पहाटे पाचला उठून मुलाला तेल-उटणं लावलं. कारेटं इथे कुठलं मिळायला, म्हणून एक बारकी काकडी आणून ठेवली होती. पायरीवर पणती ठेवायला दार उघडलं तर सडक्या अंड्यांचा भपकारा. मुलगा म्हणाला, "आई, नरकासुर पादला." मोबाइलवर हवेचा आकडा बघितला तर हिरवा ठिपका, 'चांगली'. नऊ-साडेनऊला ऊन वर आलं आणि वास गायब. महिन्यातून पाच-सहा वेळा तरी असं होतं.

ऑफिसातले म्हणतात, हवा आता एकदम स्वच्छ आहे, पूर्वी बघायला हवी होतीस. घर दाखवणाऱ्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला कधी वास आला नाही. (त्या आम्हाला कायम दुपारी दोनलाच घर दाखवतात.) हवा खरंच सुधारतेय का? वास कशाचा? आणि मुख्य म्हणजे, घर घ्यावं का?

टवाळखोर

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. नाकावर.

डोंबिवलीकर_काका

ताई, तुमचा नुसता ठिपका हिरवा. आमच्याकडे 2014 च्या जानेवारीत पाऊसच हिरवा पडला होता आणि 2020 च्या फेब्रुवारीत एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. रंगपंचमीला वेगळा खर्च नाही.

थट्टा सोडा, पहाटेच वास येतो हे आमच्याकडेही होतं. आमची सोसायटी म्हणते, रात्री सोडतात म्हणून. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

भट्टीवाला

जाणकार वगैरे नाही, पण मध्य भारतातल्या एका पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर अकरा वर्षं काढली आहेत.

मोन नदीकाठी क्लेअरटनला उत्तर अमेरिकेतला सगळ्यात मोठा कोक कारखाना आहे. कोक म्हणजे भाजलेला कोळसा. विटांच्या उंच, अरुंद भट्ट्या ओळीने असतात, पावाच्या लादीसारख्या. त्यांत दगडी कोळसा भरायचा, दारं लिंपायची आणि हवा लागू न देता हजार-अकराशे अंशांवर सोळा-अठरा तास भाजायचा. कोळशातलं डांबर, बेंझिन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड सगळं वायू होऊन वर जातं. तो वायू पाइपातून नेऊन धुतात आणि पुन्हा इंधन म्हणून जाळतात. मग एका बाजूने यंत्राने ढकललं की दुसऱ्या बाजूने लालभडक भिंतच्या भिंत डब्यात पडते आणि तिच्यावर पाणी मारतात. वाफेचा जो पांढरा ढग लांबून दिसतो, तो तो.

आता भट्टीचं दार म्हणजे काही कुकरचं झाकण नव्हे. विटा तापून, निवून, वर्षानुवर्षांनी वाकतात. दाराच्या कडेने पिवळट धूर गळतो. आम्ही दर पाळीला गळकी दारं मोजून वहीत लिहायचो. भट्टी जितकी जुनी तितकी गळती जास्त, मग दुरुस्ती करा नाहीतर विझवा. आणि एकदा विझवली की आतल्या विटा तडकतात, त्यामुळे रविवारी बंद असला प्रकार नसतो. रात्रंदिवस, वर्षाचे सगळे दिवस.

सडक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. काडेपेटीची काडी ओढल्यावर नाकात झोंबतं तसं असेल तर तो सल्फर डायऑक्साइड. कैरीताई, तुमच्याकडे कुठला?

कोकणी_कैरी

अंडीच. पण कधी कधी ओला डांबरी रस्ताही. तुम्ही लिहिलेलं डांबर वाचून आत्ता लक्षात आलं.

आकडेमोड

मी इथेच, स्क्विरल हिलला राहतो. दोन गोष्टी.

एक. तुमचा हिरवा ठिपका खोटं बोलत नाही, त्याला हा प्रश्नच विचारलेला नाही. अमेरिकेचा तो निर्देशांक पाच गोष्टींवर निघतो: ओझोन, धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड. हायड्रोजन सल्फाइड त्यात नाहीच. अंडी कितीही सडोत, ठिपका हिरवा राहू शकतो. त्या वायूसाठी पेनसिल्व्हेनिया राज्याची वेगळी मर्यादा आहे, 24 तासांची सरासरी 0.005 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 0.005 भाग). पण ती तुमच्या मोबाइलवर दिसत नाही. शिवाय धूलिकणांचा ताजा आकडासुद्धा मागच्या काही तासांचा मेळ घालून काढतात, त्यामुळे पहाटे पाचचं सातला कळतं.

दोन. काकांच्या सोसायटीसारखं इथेही लोक म्हणतात की रात्री मुद्दाम सोडतात. त्याची गरजच पडत नाही. कारखाना दिवसरात्र तेवढंच सोडतो, रात्री ते जायला जागा नसते. स्वच्छ आभाळाच्या रात्री जमीन झपाट्याने निवते, डोंगरावरची गार हवा उतारावरून घरंगळत दरीत जमते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. यालाच इन्व्हर्जन म्हणतात. पिट्सबर्गला वर्षातल्या साधारण दीडशे सकाळी असं होतं आणि शरद ऋतूत त्यांचा जोर जास्त. नऊ-दहाला ऊन जमिनीला लागलं की झाकण उघडतं. तुमच्या घड्याळाशी ताडून बघा.

व्याकरणमित्र

शाळेच्या भूगोलात याला 'तापमानाची विपरीतता' म्हणत. दोन मार्कांना हमखास.

टवाळखोर

दोन मार्कांना आम्ही 'विपरीत परिणाम' लिहून आलो होतो. बाईंनी अर्धा दिला.

परखड_बोल

जरा स्पष्ट बोलू का? पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक धूलिकणांची, अमेरिकेची वार्षिक मर्यादा घनमीटरला 9 मायक्रोग्रॅम, भारताची 40. पिट्सबर्गचा आकडा पुण्यात आला तर महापालिका चौकाचौकात पेढे वाटेल. तिकडे जाऊन मेपलची झाडं बघत बघत हवेची तक्रार करायची, हे जरा जास्तच लाडाचं वाटतं. हलके घ्या.

चंद्रपुरी_ऊन

@परखड, मी चंद्रपूरचा. 2009 च्या केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या यादीत आमचं औद्योगिक क्षेत्र प्रदूषणात देशात चौथं होतं, 83.88 गुण. शाळेत कधी एवढे पडले नाहीत. थर्मल, कोळशाच्या खाणी, सिमेंट, सगळं हाताशी. हिवाळ्यात आई दोरीवरचे कपडे झटकून नाही, फडक्याने दोरी पुसून मग वाळत घालायची. तरी पांढऱ्या शर्टाच्या खांद्यावर दोरीची काळी रेघ उमटायची, शाळेत त्यावरून ओळखू यायचं कोण कुठल्या मोहल्ल्यातला.

पण म्हणून कैरीताईंनी गप्प बसावं हे पटलं नाही. माझ्या गावाला ताप आहे म्हणून तुझ्या खोकल्याला औषध नाही, असं कुठे असतं?

डॉ_साधेसुधे

+१ चंद्रपुरी.

आणि परखडराव, अमेरिकेची मर्यादा 12 होती ती 2024 च्या फेब्रुवारीत 9 वर आणली. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 5 म्हणतेय. फुप्फुसाला पासपोर्ट नसतो.

पिट्सबर्गचंच एक बोलकं उदाहरण. ओहायो नदीतल्या नेव्हिल बेटावर शेनँगो नावाचा दुसरा कोक कारखाना होता, तो 2016 च्या जानेवारीत बंद झाला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आसपासच्या वस्तीतल्या लोकांच्या नोंदी तपासल्या. हृदयाच्या तक्रारी घेऊन तातडीच्या विभागात येणाऱ्यांचं आठवड्याचं प्रमाण बंद झाल्याबरोबर साधारण 42 टक्क्यांनी खाली आलं. हे 2023 साली छापून आलं. आम्हा डॉक्टरांना दम्याची अपेक्षा असते, हृदयाचा आकडा बघून मी दोनदा वाचलं. तो कारखाना क्लेअरटनच्या मानाने लहान होता, हेही लक्षात घ्या.

परखड_बोल

आकडा रोचक आहे. पण गाड्यांचं काय? प्रत्येक घरी दोन-दोन, सगळा दोष कारखान्यावर.

आकडेमोड

गाड्यांचा वाटा आहेच, ओहायो राज्यातून वाऱ्याबरोबर येणाराही आहे. पण गाड्यांचे आकडे ऑफिसच्या वेळेला वर जातात. मोनच्या दरीत वर जातात पहाटे तीन ते नऊ, आणि वारा दक्षिणेचा-आग्नेयेचा असला की शहरात. पहाटे तीनला कोण एवढं ऑफिसला निघतं?

टवाळखोर

भारतातल्या टीमबरोबर कॉल असलेले सगळे.

जुनीजाणती

मी 1979 साली लग्न होऊन इथे आले, त्यामुळे 'पूर्वी बघायला हवी होतीस' यातली थोडी पूर्वी मी पाहिली आहे.

खरी काळोखी माझ्याही आधीची. 1940 च्या सुमारास भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागायचे, ऑफिसातले लोक दुसरा शर्ट बरोबर न्यायचे. शहराने 1941 मध्ये धुराचा कायदा केला, पण युद्ध आलं आणि अंमलबजावणी 1946-47 वर गेली. घराघरांतल्या कोळशाच्या शेगड्या जाऊन गॅस आला आणि दोन-चार वर्षांत आभाळ दिसायला लागलं. कारखाने तेव्हा जोरातच होते, हे विसरतात लोक.

मी आले तेव्हा आभाळ निळं होतं, पण इमारती काळ्या होत्या. विद्यापीठाची 42 मजल्यांची ती उंच इमारत आहे ना, माझ्या लेकीला लहानपणी वाटायचं ती काळ्या दगडाचीच आहे, आपल्या देवळासारखी. 2007 मध्ये ती धुतली तेव्हा लेक शिकागोला होती. फोटो पाठवला तर म्हणाली, "आई, ही कुठली इमारत?"

ऐंशीच्या दशकात गिरण्या (इथे पोलादाच्या कारखान्याला मिलच म्हणतात) पटापट बंद पडल्या. होमस्टेडची 1986 मध्ये गेली. आता तिथे मॉल आहे आणि कडेला बारा धुरांडी नुसती उभी ठेवली आहेत, शोभेला. आमच्या शेजारी एक मिलवाले आजोबा होते. वास आला की म्हणायचे, हा पगाराचा वास आहे. मिल गेल्यावर वर्षभर ते सकाळी साडेपाचला डबा भरून अंगणात बसायचे. तेव्हा हवा सुधारली हे खरं, पण ती कशाच्या बदल्यात सुधारली तेही पाहिलंय, त्यामुळे 'बंद करा' हे माझ्या तोंडून चटकन येत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये क्लेअरटनला स्फोट होऊन दोन कामगार गेले. दरीत हवा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त तेच घेतात.

भट्टीवाला

जुनीजाणतीताई, डबा भरून बसणारे आजोबा वाचून थांबलो. आमच्या कॉलनीतही होते असे.

इतिहासवेडा

कुणी डोनोराचा उल्लेख केला नाही अजून? त्याशिवाय हा धागा म्हणजे मिठाविना आमटी.

डोनोरा हे मोनच्याच काठचं गाव, पिट्सबर्गपासून वीस-पंचवीस मैल वर. जस्ताचा आणि पोलादी तारांचा कारखाना. 1948 च्या ऑक्टोबर अखेरीला आकडेमोड म्हणतात ते झाकण बसलं आणि पाच दिवस उठलंच नाही. शुक्रवारी संध्याकाळी गावात हॅलोवीनची मिरवणूक निघाली, लोकांना पुढचा माणूस दिसेना. शनिवारी शाळेचा फुटबॉलचा सामनासुद्धा खेळला गेला! धुकं त्यांना नेहमीचंच होतं. रविवारी सकाळी जस्ताच्या भट्ट्या मंद केल्या, मग पाऊस आला आणि सुटका झाली. तोपर्यंत 20 माणसं गेली होती आणि चौदा हजारांच्या गावात सहा हजारांच्या आसपास आजारी. अमेरिकेत हवेच्या कायद्याचा विचार तिथून सुरू झाला: 1955 चा पहिला केंद्रीय कायदा, मग 1970 चा मोठा. गावात छोटं संग्रहालय आहे, पाटीवर लिहिलंय, स्वच्छ हवेची सुरुवात इथून झाली.

जाता जाता, पर्यावरणाच्या प्रश्नावर अमेरिकेला जागं करणाऱ्या रेचेल कार्सन पिट्सबर्गच्याच काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा), अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेलच्या. त्यांच्या गावातला कोळशाचा वीज प्रकल्प 2022 मध्ये बंद झाला, 2023 मध्ये धुरांडी पाडली.

सुगरण_मावशी

वरचं सगळं गंभीर वाचून घाबरले आणि नवऱ्याने आणलेला तो हवेतले कण मोजणारा छोटा लेझरवाला सेन्सर स्वयंपाकघरात लावला. सकाळी आकडा 6. दुपारी मिरचीच्या ठेच्याला तेल तापवलं, 180. फोडणीत मोहरी तडतडली, 240. यंत्र जांभळं झालं. क्लेअरटन माझ्याच ओट्यावर आहे हो!

टवाळखोर

मावशी, तुमच्यावर काउंटीने नोटीस बजावली पाहिजे. ठेच्याची पाककृती मात्र टाका.

डॉ_साधेसुधे

हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत शेगडीवरचा पंखा हवा बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडतो. घर बघताना बाहेर जाणारा पाइप आहे का ते बघा. आणि कैरीताई, पेनसिल्व्हेनियात घर घेताय तर तळघरात रेडॉनची तपासणी करा. जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, वास नाही, रंग नाही. लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या (किरणोत्साराचं माप) वर आला तर पाइप-पंखा बसवून घ्यायचा.

चंद्रपुरी_ऊन

वासाची हवा नको म्हणून बिनवासाची शोधायची, आणि तिच्यात रेडॉन. वा!

आकडेमोड

धाग्याचं ठेचापुराण होण्याआधी मूळ प्रश्नाकडे.

हवा सुधारतेय का? हो, आणि बरीच. 2020 मध्ये काउंटीतली सगळी मोजणी केंद्रं पहिल्यांदाच तेव्हाच्या केंद्रीय मर्यादेत बसली. पण सरासरी ही मोठी लबाड बाई आहे. वर्षाचे 365 दिवस, दिवसाचे 24 तास एका पातेल्यात ढवळले की पहाटेचे ते काही तास विरघळून जातात. तुम्ही श्वास पातेल्यातून घेत नाही, पहाटे पाचला दारात घेता. आता दुखणं शहरभर पसरलेलं नाही, ठराविक सकाळी आणि थोड्या ठिकाणांवरून येणारं आहे. एका दृष्टीने हे बरं, कारण कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

त्या थोड्या ठिकाणांत काही बिघडलं तर काय होतं तेही बघा. 2018 च्या नाताळच्या आदल्या दिवशी क्लेअरटनला आग लागली आणि गंधक काढणारी यंत्रणा तीन महिन्यांहून जास्त बंद पडली. भट्ट्या चालूच. भट्टीवाल्यांनी सांगितलेला तो वायू न धुताच जळत होता, म्हणजे अंड्यांची काडेपेटी.

घराचं म्हणाल तर उंची बघा. नदीची पातळी समुद्रसपाटीपासून 710 फूट, टेकड्या 1200 च्या आसपास. वर राहणारे पुष्कळदा झाकणाच्या वर असतात, सकाळी खिडकीतून दरी दुधाने भरल्यासारखी दिसते. पण कारखान्याच्या अगदी जवळ हा नियम चालत नाही. क्लेअरटनसमोर, नदीपलीकडे लिबर्टीचं केंद्र टेकडीवर आहे आणि वर्षानुवर्षं काउंटीतले सगळ्यात वाईट आकडे तिथलेच.

वास आला की 'स्मेल पीजीएच' वर नोंदवा. कार्नेगी मेलनच्या लोकांनी 2016 मध्ये काढलेलं अ‍ॅप आहे, तक्रार काउंटीच्या आरोग्य खात्याकडे जाते. त्याचा नकाशा मागच्या तारखा घालून बघा. तुमच्या घराच्या आसपास पहाटे किती ठिपके पडतात ते कुठलीही दलाल बाई सांगणार नाही.

परखड_बोल

हा प्रतिसाद आवडला. लाडाचं वाटतं हे मागे घेत नाही, पण दुपारी दोनला घर दाखवणाऱ्या बाईंबद्दल माझंही मत वाईट झालंय.

डोंबिवलीकर_काका

आमच्याकडे असा नकाशा काढला तर ठिपक्यांखाली डोंबिवली दिसणार नाही.

कोकणी_कैरी

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. सगळ्यांचे खूप आभार.

आकडेमोड यांचं वाचून नवऱ्याला म्हटलं, घर बघायचं तर पहाटे. चार वेळा गेलो. थर्मासमध्ये चहा, मागच्या सीटवर मुलगा पांघरुणात झोपलेला, आणि आम्ही दोघं लोकांच्या गल्लीत काचा खाली करून नाक बाहेर काढून बसलेलो. पहिल्या दिवशी काही नाही. नवरा विजयी चेहऱ्याने चहा प्यायला. दुसऱ्या दिवशी आभाळ निरभ्र, गवतावर दव गोठलेलं, आणि सहाच्या सुमाराला अंडी. तिसऱ्या दिवशी अंडी आणि डांबर. चौथ्या दिवशी वास नव्हता, पण कुत्रा फिरवायला निघालेल्या एका आजींनी काचेवर टकटक करून विचारलं, कुणाची वाट बघताय? खरं ते सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, मी पस्तीस वर्षं इथे आहे, बेडरूमची खिडकी मे ते नोव्हेंबर रात्री उघडलेली नाही. आणि मग स्वतःहूनच, "घर मात्र चांगलं आहे हं."

ते घर सोडलं. पूर्वेची खिडकी अजून डोळ्यांपुढे येते. उत्तरेला टेकडीवर एक लहान घर ठरवलंय. मेपल एकच, स्वयंपाकघर अंधारं, हप्ता जास्त. तिथेही पहाटे तीनदा जाऊन बसलो. एकदा खाली दरी खरंच दुधाने भरलेली दिसली. मुलगा तेवढ्यापुरता जागा होता.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रेडॉन तपासला. 6.1 निघाला. विकणारे पंखा बसवून देतायत.

आणि शेगडीवरचा पंखा हवा आतच फिरवणारा आहे. सुगरण मावशी, तुम्ही बाहेर पाइप काढून घेतलात का? कुणाकडून, किती खर्च आला?

सुगरण_मावशी

काढला. माणसाचं नाव तुमच्या विचारपुशीत कळवते. काम चोख केलं, फक्त भिंतीला भोक पाडायच्या दिवशी स्वयंपाक करू नका. ठेच्याची पाककृती वेगळ्या धाग्यात टाकली आहे, टवाळखोर यांनी तिथे तरी पहिला नंबर लावू नये.

टवाळखोर

लावला.